सांगायचं नाही असं औषध

९ नोव्हेंबर २०२४, देवबाग

पतपेढीने दिलेली ही डायरी वर्षभर कपाटात पडून होती. आज तिला काम मिळालं. भाईंनी बजावलंय, औषधाबद्दल कोणाकडे बोलायचं नाही, बोललं की गुण जातो. लिहायचं नाही असं काही ते म्हणाले नाहीत. माझ्या पोटात काही राहत नाही हे अख्ख्या वाडीला ठाऊक आहे, तेव्हा जे ओकायचं ते इथेच ओकते.

आमचे हे, म्हणजे सत्यवान (इथे नाव लिहायला काय जातंय), पर्यटकांना होडीतून फिरवून आणतात. मी घरामागच्या दोन खोल्या पाहुण्यांना देते आणि त्यांना जेवू घालते. बरं चाललं होतं. पण दोन वर्षांपासून ह्यांच्या बोटांनी दगा दिलाय. सकाळी चहाचा कप धरता येत नाही, दोन तळहातांमध्ये धरून लहान मुलासारखे पितात. होडीचा दोर सुदेश ओढतो. सुदेश शेजारीच राहतो, होडीत निम्मा भागीदार. तो काही बोलत नाही, पण ह्यांना लाज वाटते.

मालवणच्या डॉक्टरांनी संधिवात सांगितला. गोळ्या दिल्या, वरचेवर रक्त तपासायला लावलं. गोळ्यांनी फरक पडला, नाही असं नाही, पण मुंगीच्या पावलाने. मी एकदा सरळ विचारलं, बरे कधी होणार? तर म्हणाले, "हा आजार ताब्यात ठेवता येतो, मुळासकट जात नाही." पेशंटला असं तोंडावर सांगतात का कोणी?

काल कट्टा गावी, औषध देणाऱ्या भाईंकडे गेलो. बाजारात दुकानांच्या मागे एक खोली आहे, पाटीबिटी काही नाही. आत देवाचा फोटो आणि पुढे नारळांची रास. भाई आपल्यातलेच, मालवणी बोलतात. ह्यांचे हात हातात घेऊन एकेक बोट चाचपलं. मग म्हणाले, "मुळासकट जातला. पण तोंड बंद ठेवूचा. डॉक्टराकसुद्धा कळता नये."

मी पैसे काढले तर हात जोडले. "वैनी, देवाचा औषद इकूचा नसता. एक नारळ ठेवा." पुडीत बांधून गोळ्या दिल्या, रोज सकाळी एक. फक्त सोबतच्या डब्यातली भुकटी लांबून येते, तिचे काय ते द्यायचे. ते भुकटीचे, औषधाचे नाहीत.

तिथेच माझी खात्री पटली. माझ्या आजोळी काविळीचं औषध देत. आजोबा स्वतः मूळ काढून आणत आणि ताकातून देत. कसलं मूळ ते त्यांनी आजीलाही सांगितलं नाही. पैसा कधी घेतला नाही. लोक नारळ ठेवून जात आणि बरे होत. खऱ्या औषधाची हीच खूण. मला कोणी फसवायला जाऊ नये. लिलावात मी कल्ला उचलून बघितल्याशिवाय एक बांगडासुद्धा टोपलीत घेत नाही.

१२ नोव्हेंबर

आज सकाळी ह्यांनी लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडलं. एका हाताने! आणि मला दाखवायला परत लावून परत उघडलं. मी चुलीपाशी उभी राहून रडले. मग हे म्हणाले, "रडतंस कित्याक गो? लोणचा वाढ."

२६ नोव्हेंबर

डॉक्टरांच्या गोळ्या माळ्यावर टाकल्या. भाई म्हणतात दोन औषधं पोटात एकमेकांशी भांडतात.

ह्यांना आता थांबवणं कठीण झालंय. उजाडायच्या आत उठून होडी घासतात. आज आडाळ्यावर बसून मला दोन नारळ खवून दिले. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, हे पहिल्यांदाच. मी म्हटलं, भाईंना विचारून घ्या, ह्या गोळीने नवरे सुधारतात का. तर खवलेलं खोबरं माझ्या डोक्यावर टाकलं. पाहुणे बघत होते.

सुदेशने मला वाटेत गाठून विचारलं, "वैनी, सत्यवानदादाक काय खाऊक घालतास? हात कसो सुटलो तेंचो?" मी म्हटलं, "कुळथाची पिठी." तो हसला. मीही हसले. जीभ नुसती वळवळत होती, पण आवरली.

१८ डिसेंबर

ह्यांची गालफडं बसली होती ती आता भरली. तोंड कसं गोल गरगरीत झालंय, लग्नाच्या फोटोतसुद्धा असं नव्हतं. भूकही वाढलीय. भाकऱ्या मोजायचं मी सोडून दिलं. पोट थोडं सुटलंय, चालायचंच. दुखणं गेलं की माणूस अंग धरतो.

रियाचा मुंबईहून व्हिडिओ कॉल आला. पोरगी बापाला बघून आनंदायची सोडून म्हणते, "बाबांचं तोंड सुजल्यासारखं दिसतंय. डॉक्टरांकडे कधी गेला होतात?" माझं डोकं फिरलं. म्हटलं, बापूस दोन घास सुखाने खातोय ते बघवत नाही का तुला? फोन ठेवल्यावर ह्यांची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली.

तिला सांगितलं असतं तर ती नोकरीतल्या चार जणांना विचारणार, इंटरनेटवर शोधणार. ती तसलीच. म्हणून सांगितलं नाही.

१९ जानेवारी

थोडी काळजी लिहिते. ह्यांच्या दंडावर जांभळे डाग उठतात. कुठे आपटलं तेही आठवत नाही. पाण्याचा तांब्या सारखा भरावा लागतो. आणि होडी ढकलताना पायाला कालवाची शिंपी लागली ती जखम सुकायचं नाव घेत नाही. मिठाच्या पाण्यात आयुष्य गेलेला माणूस, ह्यांच्या जखमा नेहमी चटकन भरतात.

कट्ट्याला जाऊन भाईंना विचारलं. ते म्हणाले, "आतला इष भायर पडता. भियाचा नाय." मी हळूच म्हटलं, भाई, गोळीत असतं तरी काय? ते रागावले नाहीत. हसून म्हणाले, "तुमच्या आजोबान मूळ कोणाक सांगल्यान?" आजोबांचं मी पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. माणसाच्या लक्षात किती राहतं बघा.

बाहेर पडले तर समोरून सुदेशची बायको दीपिका. दोघी दचकलो. ती म्हणाली, "ब्लाऊज शिवूक टाकूक इलंय." मी म्हटलं, "माझो गुळ संपलो." ती दुकानांच्या मागच्या बोळात शिरली. तिथे शिंपी नाही. मी बसच्या थांब्यावर उभी राहून मनात हसत होते. तिच्या सासूचे गुडघे धरलेले असतात. बरं झालं, म्हातारीलाही गुण येईल. पण विचारणार कशी? तिनेही विचारलं नाही. एकाच बसने आलो आणि सगळा वेळ माशांच्या भावाबद्दल बोललो.

२२ फेब्रुवारी

भाईंच्या खोलीला कुलूप. बाजूचा दुकानदार म्हणतो, सामान घेऊन गेले, कुठे ते माहीत नाही. फोन लागत नाही. साधना करायला गेले असतील. आज सकाळची गोळी शेवटची होती.

हे म्हणाले, "जावंदे. आता हात बरो आसा." मलाही तसंच वाटतं. मुळासकट गेलं असेल तर गोळी कशाला हवी?

२८ फेब्रुवारी

हात पुन्हा दुखायला लागले ते एक वेळ समजलं असतं. पण हे अंथरुणावरून उठत नाहीत. अंगात जीव नाही म्हणतात. कालपासून खाल्लेलं पोटात ठरत नाही. उठून बसले की डोळ्यांपुढे अंधारी येते. पायाची जखम लाल झालीय आणि अंग तापलंय.

मी विचार करत होते, असं कसं फिरलं? मग ह्यांनीच तोंड उघडलं. डिसेंबरात सुदेशला सांगून बसले होते! म्हणे त्याची आई रांगत मोरीपर्यंत जाते, ते बघवलं नाही.

मला इतका संताप आला. म्हटलं, "तुमका एक गोष्ट पोटात ठेवूक जमली नाय? गुण गेलो तो तुमच्या तोंडान गेलो." हे भिंतीकडे तोंड करून झोपले. थोड्या वेळाने म्हणाले, "तिचे गुडघे मोकळे झाले गो. म्हातारी देवळात चलान इली." पेजेचा वाडगा जवळ ठेवला आणि बाहेर आले. दिवसभर बोलले नाही.

२ मार्च

मोठ्या दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. पिशवीत कपडे भरताना डायरीही आली.

सकाळी हे मोरीपाशी कोसळले. हातपाय गार. सुदेशने गाडी आणली, दीपिका घराकडे बघायला थांबली. इथे आणल्याबरोबर सलाईन लावलं. रक्तदाब सापडतच नव्हता.

डॉक्टर तरुण आहेत, बोलायला चांगले. मला म्हणाले, "आई, यांना कुठली औषधं चालू होती?" मी मालवणच्या डॉक्टरांच्या जुन्या गोळ्यांचं नाव सांगितलं. त्यांनी परत विचारलं, "याशिवाय काही? आयुर्वेदिक, गावठी, कोणी दिलेली पुडी, काहीही असलं तरी सांगा. मी रागावणार नाही."

हे शुद्धीवर होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ओठ हलवले. मी पलंगाशी उभी होते, त्यांचा हात माझ्या हातात होता. मी तो दाबला. सांगितलं, "नाही. काही नाही."

एकदा सांगून गुण गेलाच आहे, निदान उरलासुरला तरी राहू दे, असं मनात होतं. सुदेश दाराशी खाली मान घालून उभा होता. त्यानेही तोंड उघडलं नाही. शहाणा माणूस.

रिया गाडीत बसलीय. उद्या सकाळी पोचेल.

९ मार्च

हे गेले. तीन तारखेला, दुपारी.

लिहायला बसते आणि उठते. आज लिहून संपवते.

रिया सकाळी आली. बापाकडे बघून तिने आधी मलाच विचारलं, "आई, बाबांचं तोंड असं कसं झालं? तू ह्यांना काय देत होतीस?" तिच्यासमोर मला खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगितलं. ती धावत डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर धावत आले, नर्सला ओरडून इंजेक्शन मागवलं. इतके दिवस जे जपलं ते बाहेर पडलं, आणि त्याने कोणाचं वाईट होण्याऐवजी चार माणसं कामाला लागली, हे मी उभी राहून बघत होते. पण उशीर झाला होता. ह्यांनी परत डोळे उघडले नाहीत.

डॉक्टरांनी नंतर खुर्ची दिली आणि समोर बसून समजावलं. त्या गोळीत बहुधा स्टेरॉइड असणार. ते दुखणं लगेच दाबतं, म्हणून जादू वाटते. तोंड गोल होतं, भूक लागते, साखर वाढते, डाग पडतात, जखमा भरत नाहीत. रोज बाहेरून मिळालं की शरीर आपलं स्वतःचं बनवायचं सोडतं. आणि मग गोळी एकदम बंद झाली की माणूस कोसळतो. "आम्ही जखमेतला संसर्ग समजून उपचार करत होतो," ते म्हणाले. "तोही होताच. पण हे कळलं असतं तर पहिल्याच तासाला हे इंजेक्शन दिलं असतं."

मी विचारलं, "मग वाचले असते?"

"शक्यता बरीच होती," म्हणाले.

माझ्या ह्या डायरीत सगळं लिहिलेलं आहे. गोल तोंड, भूक, डाग, तांब्या, शिंपीची जखम. माझ्याच हाताने एकेक करून लिहिलं, आधी खूश झाले, मग मनाची समजूत घातली. रियाने दिसल्या दिसल्या सांगितलं तर तिच्यावर खेकसले. आजोबांनी मूळ सांगितलं नव्हतं खरं, पण डॉक्टरकडे जाऊ नका असंही त्यांनी कधी कोणाला म्हटल्याचं मला आठवत नाही. ताप उतरला नाही तर ते स्वतः माणसाला मालवणला पाठवत. हे तेव्हा का आठवलं नाही?

आणि तो हात. ओठ हलले होते. ते सांगणार होते का पाणी मागणार होते, मला कधीच कळणार नाही. मी हात दाबला आणि ते गप्प झाले. भांडले होते ना मी. परत सांगून माझा राग ओढवून घ्यायचा नव्हता त्यांना. दोन दिवस मी धड बोलले नव्हते त्यांच्याशी.

१२ मार्च

काल सुतक मोडलं. तेरावा व्हायच्या आधी घराचा उंबरठा ओलांडला. वाडीत कुजबुज होईल, होऊ दे.

रिया मागच्या दारी होती. येऊन म्हणाली, "दीपिकाकाकीकडची आजी सकाळपासून उठत नाही. उलट्या होतायत." तशीच अनवाणी शेजारी गेले. मला दारात बघून दीपिका घाबरली. "वैनी, तुमी हयसर? दिवस झाले नाय अजून."

मी विचारलं, "भाईंच्यो गोळ्यो कधी संपल्यो?"

"कसल्यो गोळ्यो?" ती म्हणाली. "आमी काय घेतव नाय."

आत म्हातारी पडली होती. तिचं तोंड मी बघितलं, गोल, चकचकीत. मी तिथेच खाली बसले आणि ओरडले. काय काय ओरडले ते धड आठवत नाही. "माझ्या घोवान तेच खाल्ल्यान. मीच भरवलंय. डॉक्टरान इचारल्यान आणि मी नाय म्हणान सांगलंय. ता नाय म्हटलंय म्हणान ते गेले. आयकतंस मां?" वाडीतले लोक कुंपणापाशी जमले. सुदेश मागच्या पडवीत होता, तो पुढे आला आणि रडायला लागला. म्हणाला, "वैनी, त्या दिवशी माका सांगूचा होता. पण तुमी नाय म्हटलात."

म्हणजे त्या खोलीत आम्ही तिघे होतो आणि तिघांनाही माहीत होतं.

मी त्याला म्हटलं, आता रडू नको, गाडी काढ. दीपिकाने डब्यांच्या मागून एक पुडी काढली. तिने जास्तीच्या घेऊन ठेवल्या होत्या, म्हणून म्हातारीला आमच्यापेक्षा जास्त दिवस पुरल्या. आठवड्यापूर्वी ह्यांच्या बातमीने घाबरून तिने एकदम बंद केल्या. घाबरून डॉक्टरकडे नेलं असतं तर! पण तिलाही कोणाला सांगायचं नव्हतं. मी पुडी ओढून घेतली आणि गाडीत बसले.

तेच डॉक्टर होते. त्यांनी दीपिकाला विचारायला तोंड उघडलं, त्याआधीच मी पुडी त्यांच्या हातात ठेवली. म्हटलं, हीच ती. जखम नाही, पण बाकी सगळं तसंच आहे. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि आत वळले.

१४ मार्च

वाडीत शिमग्याच्या रोंबाटाची मिरवणूक फिरतेय. ढोलांचा आवाज येतो. आमच्या दाराशी आल्यावर वाजवायचं थांबवून ते पुढे गेले.

रियाने तक्रार लिहून ठाण्यात दिलीय. कट्ट्याच्या त्या खोलीला अजून कुलूपच आहे. वाडीतल्या आणखी दोन घरांनी आज येऊन हळूच सांगितलं, आमच्याकडेही आहे ती पुडी. मी म्हटलं, हळू कशाला, मोठ्याने बोला. आणि स्वतःहून बंद करू नका, पुडी घेऊन आधी डॉक्टरकडे जा. त्यांना रिया घेऊन गेली.

दुपारी मी दवाखान्यात म्हातारीला बघून आले. ती उशीला टेकून बसली होती. मला ओळखलं, सत्यवानाचं विचारलं. तिला कोणी सांगितलेलं नाही. मग दीपिकाकडे वळून म्हणाली, "माका पेज होई. आणि थोडा लोणचा." दीपिकाला हसू आलं, डोळ्यांत पाणी आलं. तिने माझे दोन्ही हात धरले. "वैनी, तुमच्यामुळे वाचली."

मी मान हलवली आणि बाहेर आले. आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. मला म्हातारीचा राग आला. पाऊणशे वर्षांची, तिचा काय दोष? बिचारीला तर माहीतही नाही. तरी आला. बाहेर झाडाखाली उभी राहून मी पदर तोंडात कोंबून रडले. एक इंजेक्शन दिलं आणि तीन दिवसांत ती पेज मागते. ह्यांनीही मागितली असती.